खिडकी गेली त्याची गोष्ट

शनिवार, रात्री उशिरा

गुरुवारपासून घशात अडकलंय. लिहून टाकावं, नाहीतर आजही झोप यायची नाही.

ऑफिसातली खिडकीजवळची जागा गेली. नवे साहेब ग्रेडने वरचे, त्यांना उजेड हवा. सहा वर्षं बसत होतो तिथे. कुणी वावगं बोललं नाही, फक्त पुठ्ठ्याचा खोका आणून दिला. तो खोकाच जास्त लागला.

आज ठरल्याप्रमाणे फोर्ट लॅरमी, वायोमिंगमधलं अमेरिकी लष्कराचं जुनं ठाणं. डेन्वरहून तीन तास, तिखटमिठाच्या पुऱ्या चेयेनच्या आधीच संपल्या. फोर्ट म्हणायचं, पण तटबंदी नाही की बुरूज नाही. मधे मोठं मैदान आणि कडेने घरं. बघताक्षणी मला दौंडची रेल्वे कॉलनी आठवली. बाबा असते तर कुठलं क्वार्टर कुठल्या टाइपचं, ते त्यांनी लांबूनच सांगितलं असतं.

लष्कराने 1849 मध्ये घेतलं, 1890 मध्ये सोडलं. मधली चाळीस वर्षं इथल्या अधिकाऱ्यांनी काय केलं? घोडदळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टापा आणि तलवारी येतात. प्रत्यक्षात मोहिमा अधूनमधून, बाकी हजेरीपट, चाऱ्याचे हिशेब, कोर्ट मार्शलची बाकडी आणि न संपणारा हिवाळा. आणि घरावरून धुसफूस. लेफ्टनंटला एक खोली नि स्वयंपाकघर, कॅप्टनला दोन खोल्या. वरच्या हुद्द्याचा कुणी बदलून आला की त्याने खालच्याचं आवडेल ते घर मागायचं. याला म्हणायचे 'रँकिंग आउट'. ज्याचं घर गेलं तो त्याच्याहून कनिष्ठाला उठवणार, तो आणखी खालच्याला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या ओळीचे पडदे उतरलेले. तळाचा सेकंड लेफ्टनंट बायकोसकट तंबूत.

ऐकताना मान डोलावत होतो. अगदी माझंच चाललंय असं वाटत होतं. बिचारा मी, बिचारे ते. बढती तर विचारूच नका. 1890 पर्यंत कॅप्टन व्हायचं ते आपल्याच रेजिमेंटमध्ये जागा रिकामी झाली तर, म्हणजे वरचा बढतीवर गेला, निवृत्त झाला किंवा मेला तर. 25 जून 1876 ला लिटल बिगहॉर्नला, तिथल्या मूळ रहिवाशांशी झालेल्या लढाईत, सेनानी कस्टरबरोबर सातव्या घोडदळाचे तीन कॅप्टन पडले. म्हणजे तीन जागा झाल्या. कुणीतरी दुःखाबरोबर तेही मोजलं असेलच की. मी मोजलं असतं.

इथे मान डोलवायची थांबली.

कारण खोका घेऊन मी गेलो कुठे? कोपऱ्यातल्या टेबलाशी. तिथे मे महिन्यात लागलेली मुलगी बसत होती. मी हसून विचारलं, प्रिंटरजवळ बसलीस तर चालेल ना? तीही हसली. पाच मिनिटांत उठली. विचारताना माझा आवाज किती गोड होता, तो आठवून अंगावर काटा येतोय. साहेबांचाही असाच होता.

1868 चा लकोटांबरोबरचा, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांबरोबरचा करार इथलाच. ब्लॅक हिल्सचे डोंगर तुमचेच, असं त्यात लिहून दिलेलं. मग 1874 मध्ये तिथे सोनं सापडलं, आणि त्यांनाही उठवलं. रांग सेकंड लेफ्टनंटपाशी संपत नव्हती तर. असो. ते आज नको.

हिला गाडीत सगळं सांगितलं. म्हणाली, "अहो, म्हणजे तुम्हीच झालात की कॅप्टन!" पोरगी म्हणाली, मग परतताना पुढच्या सीटवर मी. ही गाडी चालवत होती, त्यामुळे मागे गेलो मी, रिकामा डबा मांडीवर घेऊन. वाटेतलं व्हीटलंड गाव येईपर्यंत मलाच हसू यायला लागलं होतं.

त्या मुलीचा एक छोटा कॅक्टस कोपऱ्यातच राहिलाय. सोमवारी नेऊन द्यायचा. जमलं तर विचारायचं, प्रिंटरजवळ मी बसतो, तू ये परत. हिवाळ्यात तिथे जरा ऊब असते म्हणे. नाही म्हणाली तर बरं, असंही वाटतंय.