अबिस्को ते आलेसयाउरे: चिखलातून चाला, पण मॉसवर पाय देऊ नका

"अबिस्कोला पाऊस स्वीडनमध्ये सर्वांत कमी, त्यामुळे वाट कोरडीच असते, साधे ट्रेकिंगचे बूट पुरतात, आणि जिथे ओल आहे तिथे सगळीकडे फळ्या टाकलेल्या आहेत," असे सांगून ज्या माहीतगारांनी मला उत्तर स्वीडनमधल्या अबिस्कोहून निघणाऱ्या कुंग्सलेडेन या लांब पल्ल्याच्या पायवाटेला लावले, त्यांच्या बोलण्यातला पहिला भाग तेवढा खरा निघाला. पश्चिमेकडचे डोंगर ढग अडवतात, म्हणून येथे वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून सुमारे 300 मिलिमीटर पाणी पडते, म्हणजे आपल्या माणदेशापेक्षाही कमी. पण ध्रुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे 200 किलोमीटरवर जमीन ओली राहील की कोरडी, हे पावसाच्या आकड्यावर ठरत नाही. उन्हाळा थोडका, बाष्पीभवन कमी, खाली जमीन गोठलेली असेल तर पाणी मुरायला वाट नाही, आणि वर जे पाणी उरते ते मॉस, म्हणजे जमिनीवर गादीसारखी पसरणारी शेवाळासारखी छोटी वनस्पती, धरून ठेवते.

अबिस्को ते अबिस्कोयाउरे हा सुमारे 15 किलोमीटरचा पहिला टप्पा बर्चच्या झाडीतून जातो आणि सोपा आहे. त्याबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही. फक्त विश्रांतीला थांबाल तेव्हा झाडांखाली हायलोकोमियम हे मॉस पाहा. त्याचा दरवर्षीचा नवा फुटवा आदल्या वर्षीच्या फुटव्याच्या मधोमध उगवतो, त्यामुळे एकावर एक पायऱ्या दिसतात आणि त्या मोजून काडीचे वय सांगता येते. मी पाहिलेली काडी बोटाएवढी होती आणि तिच्यावर अनेक वर्षांच्या पायऱ्या स्पष्ट दिसत होत्या. उत्तरेकडच्या जंगलांत अशा मॉसच्या पानांवर राहणारे नील-हरित जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधून ठेवतात. हेक्टरी वर्षाला दीड-दोन किलो हा आकडा लहान वाटेल, पण जिथे कुजण्याची क्रिया इतकी मंद आहे तिथे झाडांच्या दृष्टीने ती मोठी मिळकत आहे.

खरा प्रश्न पुढचा आहे. अबिस्को राष्ट्रीय उद्यानाची हद्द ओलांडून आलेसयाउरे या पुढच्या मुक्कामाकडे जाताना झाडी संपते, आणि उघड्या माळावरच्या सखल जागी मला ज्या पट्ट्याने छळले तो लागतो. तेथल्या फळ्या काही ठिकाणी मोडलेल्या, काही ठिकाणी पाण्याखाली गेलेल्या आणि काही ठिकाणी नव्हत्याच. मधली मूळ पायवाट म्हणजे घोट्याच्या वरपर्यंत काळा चिखल, आणि तो टाळण्यासाठी लोकांनी दोन्ही बाजूंना मॉसवरून नव्या वाटा पाडलेल्या; एका ठिकाणी अशा समांतर वाटा मिळून माळाचा एक रुंद पट्टाच उघडा पडला होता. पाठीवर ओझे आणि डोळ्यांसमोर डासांचे ढग असताना कडेचे ते मऊ, कोरडे वाटणारे उंचवटे खुणावतात, हे मी जाणतो. तरीही माझे मत स्पष्ट आहे: बूट भरू द्या, चिखलातूनच जा.

त्याचे कारण तिथेच हाताने तपासता येते. बुटांनी आधीच उपटून पडलेला स्फॅग्नम या दलदलीतल्या मॉसचा एक गोळा मी उचलून पिळला, तर चहासारखे तांबूस पाणी धार लागून वाहिले. हे मॉस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या 20 पटींपर्यंत पाणी धरते, कारण त्याच्या पानांत सच्छिद्र, मृत, पोकळ पेशी असतात. तेच मॉस भोवतालचे पाणी आम्ल करते, त्यात जिवाणूंना काम करणे कठीण जाते, आणि मेलेले थर पुरते न कुजता पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळपट माती, होऊन साचतात. जगातल्या जमिनीच्या सुमारे 3 टक्के भागावर असलेल्या पीटभूमीपैकी नुसत्या उत्तरेकडच्या भागात अंदाजे 500 अब्ज टन कार्बन असा साठलेला आहे.

उंचवट्यांचा वरचा थर उन्हाळ्यात सुकतो, त्यात हवा अडकते आणि ऊन खाली पोहोचत नाही. शरद ऋतूत तोच थर भिजतो, हिवाळ्यात गोठतो, आणि बर्फातून उष्णता पाण्यापेक्षा सुमारे चौपट सहज जात असल्यामुळे थंडी खोल उतरते. अशा उंचवट्यांखाली अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे गोठलेली जमीन टिकून आहे ती या व्यवस्थेमुळे. बुटाने वरचा थर फाटला की काळा पीट उघडा पडतो, तो ऊन शोषतो, खालचे वितळते, जागा खचते, पाणी साचते, आणि मागून येणारा माणूस आणखी कडेने जातो. अबिस्कोच्या पूर्वेला सुमारे 10 किलोमीटरवर असलेल्या स्तोरदालेनच्या दलदलीत हवामान तापल्यामुळे हेच मोठ्या प्रमाणावर चालू असल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे: गोठलेले उंचवटे खचून तिथे पाणथळ कापूस-गवत येते आणि मिथेन जास्त सुटतो. तापमानाचे आपल्या एकट्याच्या हातात नसेल, पण आपला पाय कुठे पडतो ते आहे.

आता व्यवहाराचे. गुडघ्याखालपर्यंत येणारे रबरी बूट घ्या आणि ते किरुना शहरात विकतच घ्या. वाटेला लागण्याआधी एका ठिकाणी मी भाड्याने घेतले, त्या भाड्यात नवे आले असते आणि वर एक बूट टाचेशी गळत होता. दोन काठ्या आवश्यक आहेत, कारण फळ्या ओल्या झाल्या की घसरतात, आणि बुडालेल्या फळीचा थांग काठीनेच लागतो. समोरून कोणी येत असेल तर फळीवरून खाली उतरू नका, रुंद जागा येईपर्यंत एकाने थांबावे. राष्ट्रीय उद्यानात तंबू ठरवून दिलेल्या जागीच लावता येतो. हद्दीबाहेर मुभा आहे, पण तिथे मुरमाड किंवा खडकाळ जागाच शोधा, मॉसची गादी नव्हे. जुलैत डास असह्य असतात आणि वितळलेल्या बर्फाचे पाणीही जास्त असते, म्हणून ऑगस्टचा शेवटचा आठवडा धरा. अबिस्कोयाउरे ते आलेसयाउरे हा दुसरा टप्पा सुमारे 20 किलोमीटरचा आहे. चिखलाचा पट्टा धरून नेहमीच्या वेळेपेक्षा दोन तास जास्त ठेवा, आणि मुक्कामाला पोहोचायची घाई होईल इतक्या उशिरा निघू नका, कारण कडेच्या वाटा घाईतच पडतात.