चार किलो कपडे आणि एक सळई

विमानात माणशी 15 किलो सामान चालतं. ड्रमरच्या सिंबलची, म्हणजे पितळी थाळ्यांची, बॅग एकटीच 11 किलो भरते. म्हणजे नऊ दिवसांच्या दौऱ्यात त्याच्या कपड्यांच्या वाट्याला आले चार किलो. स्नेअर, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा छोटा ड्रम, त्याने मांडीवर घेतला, मोठा ड्रम पायाने वाजवायचं पेडल माझ्या बॅगेत कोंबलं. ड्रमचा मोठा सेट जिथे वाजवायचं तिथेच भाड्याने घेतात, पण सिंबल, स्नेअर आणि पेडल ज्याचं त्याने न्यायचं, हा अलिखित कायदा.

मी या पोरांचा साउंडवाला. वय 46, त्यामुळे सगळे मला काका म्हणतात. वीस वर्षं गणपतीतले ऑर्केस्ट्रा आणि नाटकाचे दौरे केले. रॉक बँडबरोबर ईशान्येकडे पहिल्यांदाच निघालो होतो. नाटकाच्या बसमध्ये जे चालतं तेच इथे चालतं: खिडकीसाठी भांडण, चहासाठी थांबा, आणि कुणीतरी कायम झोपलेला. इथे झोपलेला बेसिस्ट, म्हणजे बेस गिटार वाजवणारा, होता.

गुवाहाटीहून शिलाँग शंभरेक किलोमीटर. या गावात रॉक म्हणजे बाहेरून आलेलं फॅड नाही. इथले गायक लू माजाव 1972 पासून दर 24 मे ला बॉब डिलनचा वाढदिवस गाऊन साजरा करतात, आणि 2007 साली स्कॉर्पियन्स हा जर्मन रॉक बँड इथे वाजवून गेले. त्यामुळे पोरांना धाकधूक होतीच. कार्यक्रम बरा झाला. रात्री हॉटेलवर सोडणारा टॅक्सीवाला आधी गप्प होता, मग आरशातून बघत म्हणाला, "किक ड्रम थोडा पीछे था।" किक म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम. मी तोंड उघडणार होतो, पण तो बरोबर बोलत होता. पुण्यात मला असं कुठल्याही रिक्षावाल्याने ऐकवलेलं नाही. (दुसरं बरंच ऐकवलंय.) दुसऱ्या दिवशी पोलीस बाजारात जादोह खाल्ला. डुकराच्या मटणाबरोबर शिजवलेला भात. ड्रमरने तीन प्लेट संपवल्या आणि टीशर्टवर डाग पाडला. तो टीशर्ट त्याला पुढे पाच दिवस पुरवायचा होता.

शिलाँग ते दिमापूर हा प्रवास सांगण्यासारखा नाही. परत खाली जोराबाटला उतरायचं, मग नगाव, मग ट्रकमागे ट्रक. दिवसभर सुमोत गुडघे हनुवटीला. नागालँडसाठी इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा परवाना, लागतं. ते आधीच काढलं होतं, प्रिंट मात्र एकाचीच विसरली होती. कुणाची ते सांगायला नको, तो झोपला होता.

दिमापूरला एका मैदानावर स्टेज. डिसेंबरात तिकडे साडेचारच्या आत सूर्य मावळतो. घड्याळ आपलंच, सूर्य मात्र पाऊण तास पुढे. त्यामुळे साउंडचेक अंधारातच. गिटारींचा आवाज वाढवणारे अ‍ॅम्प जनरेटरवर होते, माइक ज्याला जोडतात तो मिक्सर शेजारच्या इमारतीच्या लाइनवर. मी नेहमीप्रमाणे मल्टिमीटर काढायला वाकलो, तेवढ्यात गायक गिटार अडकवून माइकजवळ गेला आणि किंचाळला, "काका, करंट मारतोय!"

ओठ माइकला, बोटं तारांवर. मीटर लावला तर दोन्हींमध्ये 108 व्होल्ट.

जनरेटरला अर्थिंगच नव्हतं. अ‍ॅम्पच्या पॉवर सप्लायमधून थोडा करंट कायम गळत असतो. त्याला जमिनीत जायला वाट मिळाली नाही, तर तो अ‍ॅम्पच्या पत्र्यावर आणि तिथून गिटारच्या तारांवर येऊन बसतो. मग गाणाऱ्याचा ओठच त्याची वाट होतो. बहुतेक वेळा झिणझिण्यांवर निभावतं. पण 1972 साली वेल्समधल्या स्वान्सीत स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावून स्टेजवरच मेला. हे मी पोरांना तिथेच सांगितलं. सांगायला नको होतं. गायकाने गिटार काढून खुर्चीवर ठेवली आणि लांब जाऊन उभा राहिला.

जनरेटरवाला साठीचा माणूस. त्याला हिंदी जेमतेम, मला तिथली नागामीज भाषा शून्य. मी जमिनीकडे बोट दाखवलं, हाताने ठोकल्याची खूण केली. तो हसला, गाडीखालून हातभर लांबीची तांब्याची सळई आणि घण काढला. चार घाव त्याचे, चार माझे. मग त्याने बायकोला हाक मारली. ती चहाच्या टपरीवरून मिठाची पिशवी आणि बादलीभर पाणी घेऊन आली. मुळाशी मीठपाणी ओतलं, सळईपासून बोर्डापर्यंत जाड तार ओढली, मिक्सरही त्याच जनरेटरवर घेतला. मीटर पुन्हा लावला: दीड व्होल्ट. गायक तरीही येईना. शेवटी मी स्वतः एका हाताने तारा धरल्या आणि माइकला ओठ लावून "हॅलो, माइक टेस्टिंग" म्हटलं. गणपतीतल्या सवयीने पुढे "मोरया" निघून गेलं. स्टेजसमोर बसलेली दोन पोरं मोठ्याने "मोरया" म्हणाली. का, ते देव जाणे.

निघताना सळईचे पैसे द्यायला गेलो तर म्हाताऱ्याने घेतले नाहीत. सळई मात्र माझ्या हातात दिली.

कोहिमाचा कार्यक्रम शनिवारी, बंद हॉलमध्ये. दिमापूरपासून 74 किलोमीटर सगळा चढ, वर पोचेस्तोवर थंडीने तारा आखडून गिटारी चढ्या बोलायला लागल्या. पोरं दोन गाण्यांमध्ये सूर लावत राहिली, बाकी निर्विघ्न. रविवारी सगळं गाव बंद. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या युद्धस्मशानात गेलो: 1420 थडगी, आणि वरच्या बाजूला दहन झालेल्या 917 हिंदू आणि शीख सैनिकांचं स्मारक. बेसिस्ट तिथे पूर्णवेळ जागा होता. परतताना एका चर्चमधून गाणं ऐकू आलं. एकाच वेळी चार वेगळ्या सुरावटींत गाणारे आवाज, माइक एकही नाही. आम्ही भिंतीला टेकून ऐकत राहिलो. गायकाने हळूच विचारलं, "काका, यांना साउंडवाला लागत नाही का?"

परतीला दिमापूरच्या विमानतळावर माझी बॅग दोन किलो जास्त. सळई काढायला मी तयार नव्हतो, म्हणून ड्रमरने स्वतःची जीन्स माझ्या बॅगेतून काढून आहे त्या पँटवरच चढवली. त्याने बाजारातून अखुनीही घेतली होती, आंबवलेलं सोयाबीन, पानात बांधलेलं. ती सिंबलच्या बॅगेत गेली आणि विसरली गेली.

पुण्यात रिहर्सल सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. सात वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आवाजाबद्दल तक्रार केली नाही. "अरे, तुमच्याकडे काही मेलंय का?" एवढंच विचारलं.