सेंट्रल पार्कच्या कमानींतून चालताना

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या 'द गेट्स' या कापडी कमानींच्या कलाकृतीचा शेवटचा दिवस होता २७ फेब्रुवारी २००५, रविवार. त्यानंतर सगळं उतरवलं गेलं.

क्रिस्टो आणि जान-क्लोद या कलाकार जोडप्याने ही कल्पना १९७९ मध्ये मांडली. १९८१ मध्ये शहराने नकार दिला आणि परवानगी मिळाली ती थेट २००३ मध्ये, ब्लूमबर्ग महापौर असताना. २००५ च्या फेब्रुवारीत ३७ किलोमीटर पायवाटांवर ७,५०३ कमानी उभ्या होत्या. प्रत्येक १६ फूट उंच, वरून कापड सोडलेलं. दोन कोटी डॉलरच्या वर खर्च आला आणि तो या दोघांनी आपली चित्रं विकून उभा केला. तिकीट नव्हतं.

खरं सांगायचं तर पहिल्या कमानीपाशी हिरमोड व्हायचा. जवळून पाहिलं की खांब सरळसरळ प्लॅस्टिकचे दिसायचे. रंग म्हणे केशरी. भगवा बघत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना तो नारिंगीच वाटायचा. पण थांबून बघण्याची ही गोष्टच नव्हती. चालत राहायचं. वारा सुटला की कापडं एकामागून एक फुगत जायची, वाट वळे तशी रांगही वळायची, आणि मध्येच एखादी फांदी खाली आलेली असेल तिथे कमान गाळून जागा मोकळी सोडलेली दिसायची. झाडाला हात लावलेला नव्हता, खड्डाही खणलेला नव्हता. खांब जड पोलादी बैठकींवर उभे होते. दिंडीतल्या पताका आठवल्याच, इलाज नाही.

ऊन हवंच असायचं. सूर्य कापडाच्या पलीकडे असेल तेव्हा ते आतून उजळायचं. ढगाळ दिवशी तेच कापड मलूल दिसायचं. त्या दिवसांत साडेपाचच्या सुमारास मावळायचं, म्हणून दुपारी तीनपासूनचा वेळ उत्तम. बर्फ पडला तरी बेत रद्द करायचा नाही, उलट मुद्दाम जायचं.

बहुतेक लोक ५९व्या रस्त्याच्या टोकाने शिरायचे आणि तिथेच गर्दीत अडकायचे. उत्तरेकडून सुरुवात केलेली बरी. न्यू जर्सीहून ट्रेनने येणाऱ्यांना हे सोयीचंही होतं: पेन स्टेशनवरून २ किंवा ३ नंबरची अपटाउन म्हणजे उत्तरेकडे जाणारी सबवे पकडायची आणि सेंट्रल पार्क नॉर्थ, ११०व्या रस्त्यावर उतरायचं. भाडं तेव्हा दोन डॉलर होतं. समोरच हार्लेम मीअर हे तळं. पाण्यात कमानींचं प्रतिबिंब पडायचं आणि गर्दी कमी. तळ्याकाठच्या डेना सेंटरमध्ये स्वच्छतागृह होतं, तिथूनच उरकून निघायचं. पुढे दक्षिणेला चालत बेल्व्हेडिअर कासल या छोट्या किल्ल्यावर चढायचं, कारण रांगांची नागमोड वरूनच कळायची. मग बेथेस्डाचं कारंजं, आणि शेवटी एल्मच्या झाडांमधला मॉल, म्हणजे रुंद पायरस्ता. गाडी आणायच्या भानगडीत पडायचं नाही. लहान मुलं असली तर अख्खा पार्क धरायचा नाही, उत्तरेचा भाग पुरे. बूट चांगले लागायचे, हातमोजेही.

टोकाला टेनिसचा चेंडू लावलेली लांब काठी घेऊन फिरणारे कार्यकर्ते दिसायचे. गुंडाळलेलं कापड ते सोडवायचे आणि त्याच कापडाचा छोटा चौकोनी तुकडा मागितला तर फुकट द्यायचे. इंटरनेटवर हेच तुकडे विकायला ठेवले होते. पैसे घालवायची गरज नव्हती.