शिळे पाणी आणि बिनतोटीचे नळ

आज लातुरात आमच्या गल्लीत नळाला पाणी आले. हंडे, घागरी आणि निळे बॅरल भरून झाल्यावर शेजारच्या काकूंनी गेल्या खेपेचे उरलेले पाणी शिळे झाले म्हणून मोरीत ओतले, आणि समोरच्या बिनतोटीच्या नळाचे पाणी टाकी भरल्यावरही गटारात वाहत राहिले. ते पाहून जीव तुटला.

मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये याच शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले आणि पुढे ५० वाघिणींची गाडी धावू लागली. त्याआधी मार्चमध्येच, पाण्यावरून हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून, पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती.

तरीही काकूंना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. पुढचे पाणी नक्की कोणत्या दिवशी, किती वाजता येणार हे ठाऊक नसले की माणूस गरजेपेक्षा जास्त साठवतो, आणि ताजे आले की साठवलेले ओतून देतो. म्हणून टंचाईच्या काळात पाण्याचे वेळापत्रक प्रत्येक प्रभागात आधी जाहीर करणे आणि ते कसोशीने पाळणे, ही मला पाणीकपातीइतकीच महत्त्वाची गोष्ट वाटते. तोट्यांचे काम मात्र आपल्याच हातात आहे. गल्लीतल्या सर्व नळांना तोट्या बसवण्यासाठी वर्गणी काढायचे आज संध्याकाळी ठरले असून ज्यांना परवडत नाही त्यांचा खर्च आम्ही बाकीचे उचलणार आहोत.