धूळमोजणी, नोंद ५: सेन्सर बाजूला, हातात ब्रश

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की बाल्कनीतला एसडीएस०११ (हवेतली धूळ मोजणारा छोटा सेन्सर) मस्त चालतोय. शब्द मागे घेतो. चालतोय खरा, पण मला हवं ते मोजत नाहीये.

शंका आली ती एका डंपरमुळे. आमची इमारत पुण्यात वारज्याला, बायपासच्या सर्व्हिस रोडला लागून. खडीचा डंपर गेला आणि लोट थेट दुसऱ्या मजल्यावर आला. वाळत घातलेल्या चादरीवर बोटाने नाव लिहिता आलं असतं. मोबाइलवर पीएम १० चा (म्हणजे हवेतल्या १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकडा मात्र ६८ वरून ७४, बस्स. त्याच संध्याकाळी खाली कुणीतरी पालापाचोळा पेटवला, तर हाच पठ्ठ्या ३०० पार!

कारण शोधल्यावर कळलं ते असं. हा सेन्सर लेझरच्या उजेडात कण किती चमकतात त्यावरून अंदाज बांधतो. धुराचे बारीक कण त्याला छान दिसतात. रस्त्यावरची धूळ बरीचशी २.५ मायक्रॉनहून जाड. ती त्या इवल्याशा पंख्याने नीट ओढली जात नाही, आणि पीएम १० चा आकडा बव्हंशी बारीक कणांवरून बेतलेला असतो. आपल्याकडची २४ तासांची मर्यादा पीएम १० साठी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. तिच्याशी माझा आकडा ताडून खूश होणं म्हणजे शुद्ध फसवणूक. (शिवाय हवेत दमटपणा ७० टक्क्यांच्या वर गेला की तो वेगळंच बरळतो. पावसाळ्यातल्या नोंदी मी खोडल्या.)

म्हणून उलट्या बाजूने सुरुवात केली: हवेत किती आहे ते राहू दे, रस्त्यावर उडण्याजोगं किती पडलंय ते बघू. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या एपी-४२ मध्ये (कशातून किती प्रदूषण होतं त्याच्या सूत्रांचा संग्रह) त्याची रीत आहे. दर चौरस मीटरला ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून खाली पडणारी माती किती ग्रॅम, ते काढायचं. ही सिव्हिलवाल्यांची २०० नंबरची चाळणी.

रविवारी पहाटे साडेपाचला मित्र टॉर्च घेऊन वाहनांकडे बघत उभा, मी खडूने ३ मीटर लांब, १ मीटर रुंद पट्टा आखला. सर्व्हिस रोडच बरा, मुख्य रस्त्यावर हा उद्योग कुणी करू नये. कडेला दुभाजकापाशी ढीगभर माती असते, हात शिवशिवतात; पण ती घ्यायची नाही, चाकं जिथून जातात तेवढंच. आधी मऊ ब्रश, मग हातातला व्हॅक्यूम, त्यात आधी वजन करून ठेवलेली पिशवी. ब्रशने बारीक पूड नुसती उडते, डोळ्यांदेखत हातातून निसटते, त्यामुळे व्हॅक्यूमला पर्याय नाही.

घरच्या ओव्हनवर बंदी आहे, म्हणून स्टीलच्या ताटात दोन दिवस उन्हात वाळवली. एकूण ३८ ग्रॅम. चाळल्यावर खाली ५.७. म्हणजे चौरस मीटरला १.९ ग्रॅम. चाळणीवर उरलं त्यात टायरचे काळे कण, विडीचं थोटूक आणि एक कानातल्याची फिरकी!

सूत्रात घातलं: ०.६२ गुणिले मातीचा आकडा (घात ०.९१) गुणिले वाहनांचं सरासरी वजन अमेरिकी टनांत, म्हणजे एक टन सुमारे ९०७ किलोचा (घात १.०२). उत्तर येतं एका वाहनामागे दर किलोमीटरला किती ग्रॅम पीएम १० उडतं त्याचं. इथे मी अडकलो. गेटवर बसून अर्धा तास वाहनं मोजली. दुचाक्या इतक्या की सरासरी ०.८ टनांवर आली, आणि हे सूत्र १.८ टनांपासून पुढेच पडताळलेलं. अमेरिकी टनांत बदलून ०.८ घातलं तर १ ग्रॅम, १.८ घातलं तर २.२. दुपटीहून जास्त फरक! मी सध्या दोन्ही लिहून ठेवतोय. दुचाक्यांसाठी कुणी वेगळं काही वापरत असेल तर सांगा.

पुढच्या रविवारी हाच पट्टा, झाडणारं यंत्र फिरून गेल्यावर. ५.७ ग्रॅमची पूड तारखेची चिठ्ठी लावून बाटलीत ठेवली आहे. बाटली स्वयंपाकघरातून लांब, कारण दिसते अगदी मिरपुडीसारखी.