तुम्ही विचारलंत म्हणून: फोंटानेच का?

जर्मन शिकवते म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेलाच. "गटे आहे, टोमास मान आहे, तुम्ही मात्र ज्याला त्याला टेओडोर फोंटानेच वाचायला सांगता. का?"

उत्तर एका शिवणाच्या टेबलात आहे. त्याच्या 'एफी ब्रीस्ट' (१८९५) कादंबरीत छोटी आनी पायऱ्यांवर पडते, कपाळाला खोक पडते. आई एफी परगावी. पट्टीसाठी घरातल्या बाया तिच्या टेबलाचं कुलूप फोडून कप्पे उपसतात, आणि लाल दोऱ्यानं बांधलेली जुनी पत्रं बाहेर पडतात. एफीच्या साडेसहा वर्षांपूर्वी संपलेल्या प्रेमप्रकरणाची.

एफीचा नवरा इनश्टेटेन तिच्या दुपटीहून मोठा, एकेकाळी तिच्या आईवर जीव असलेला. तो मित्राला बोलावून घेतो. मनात सूड नाही, बायकोवर अजून प्रेम आहे, हे कबूल करतो. तरी त्या प्रियकराशी द्वंद्वयुद्ध करणारच म्हणतो, कारण मित्राला सांगितल्या क्षणी गोष्ट त्याच्या एकट्याची राहिली नाही. 'लोक काय म्हणतील' हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ते 'लोक' व्हायला एक माणूस पुरतो, तोही जिवाभावाचा, हे मला इथं कळलं. प्रत्यक्ष द्वंद्व फोंटाने मोजक्या ओळींत उरकतो. त्याला त्या बोलण्यातच रस आहे.

असं लिहायला वय लागतं. १८१९ साली नॉयरुपिनला जन्मलेला हा औषधविक्याचा मुलगा आधी स्वतः औषधविक्या होता, मग पत्रकार. १८७६ मध्ये बर्लिनच्या कला अकादमीतली कायमची नोकरी त्यानं काही महिन्यांत सोडली. बायको एमिली संतापली, आणि तिचं चुकलं असं मला वाटत नाही, पैशाची ओढाताण तीच सोसत होती. तरी त्याची हस्तलिखितं सुवाच्य अक्षरात उतरवून देणारीही तीच. पहिली कादंबरी आली १८७८ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर.

एफीची गोष्ट ज्या खऱ्या घटनेवरून सुचली, त्यातली एलिझाबेथ फॉन आर्डेन खचली नाही. तिनं रुग्णसेवेचं काम केलं आणि १९५२ पर्यंत जगली. फोंटानेची एफी मात्र तिशीच्या आत जाते. बागेतल्या तिच्या थडग्यापाशी रोलो कुत्रा पडून असतो, खाणं टाकलेलं. आई दबक्या आवाजात विचारते, आपलंच चुकलं का, ती फारच लहान होती का? रोलो सावकाश मान हलवतो, आणि एफीचा बाप, म्हातारा ब्रीस्ट, म्हणतो, "राहू दे, लुईझे. हा फार मोठा विषय आहे."