मांडीवरची गाठ: सुईपासून टाक्यांपर्यंत

आमच्या नऊ वर्षांच्या लॅब्रॅडॉरच्या अंगावर दोन गाठी होत्या. एक छातीवर, मऊ, बोटाखाली सरकणारी, दोन वर्षांपूर्वीच सुईने तपासून चरबीची ठरलेली. दुसरी मागच्या उजव्या मांडीवर, अंघोळीत ओल्या केसांतून लागली. तीही मऊ, तीही सरकणारी. डोळे मिटून हात फिरवला तर फरक सांगता आला नसता. ही दुसरी मास्ट सेल ट्यूमर, म्हणजे कातडीतल्या मास्ट सेल नावाच्या पेशींचा कर्करोग, निघाली.

नवी गाठ लागली की आधी केस बाजूला सारून उजेडात बघायचं. पुण्यातल्या तळजाई किंवा वेताळ टेकडीवर फिरणाऱ्या कुत्र्याची ‘गाठ’ कित्येकदा रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचीड असते. राखाडी, गुळगुळीत, आणि कातडीला चिकटलेल्या टोकाशी बारीक पाय. उलटी चूक जास्त वाईट: मस किंवा स्तनाग्र गोचीड समजून चिमट्याने ओढतात. नरालाही स्तनाग्रं असतात, हे अनेकांच्या गावीच नसतं.

मग मोजमाप. मी मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढतो. नाणं ठेवू नये, कारण जुना रुपया आणि नवा रुपया एका आकाराचे नाहीत. वहीत तारीख, जागा, लांबी-रुंदी, रंग, केस गेलेत का, खालच्या मांसाला चिकटलीय की सरकते, एवढं लिहायचं. मांडीवरची गाठ सकाळी १५ मिलिमीटर आणि संध्याकाळी १९ भरली, दोन दिवसांनी पुन्हा १५. चरबीची गाठ असं करत नाही. मास्ट सेलमध्ये हिस्टामिन नावाचं सूज आणणारं रसायन भरलेलं असतं; हाताळलं की ते सुटतं, गाठ लाल होते, सुजते, मग उतरते. म्हणून ‘कमी झाली’ असं वाटणं हीच इथे धोक्याची खूण. आणि म्हणूनच गाठ दाबायची, पिळायची नाही. हेच हिस्टामिन जठरात आम्ल वाढवतं. अशा कुत्र्याला उलट्या किंवा डांबरासारखी काळी शी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

बाकीच्या ओळखी थोडक्यात. तीन वर्षांच्या आतल्या कुत्र्याच्या कानावर किंवा पायावर लालचुटूक बटणासारखी गाठ पटकन आली, तर बहुतेक हिस्टिओसायटोमा, म्हणजे एक निरुपद्रवी गाठ. दोन-तीन महिन्यांत आपणच जिरतो. पिल्लाच्या ओठांवर फुलकोबीसारखे मस हे विषाणूचे, तेही बहुधा जातात. म्हाताऱ्या कुत्र्याच्या अंगावरचे मेणचट मस दिसायला ओंगळ, पण सहसा निरुपद्रवी. रात्रीत उगवलेलं, गरम, हात लावू न देणारं म्हणजे गळू, त्यातून आदल्या आठवड्यात मारामारी झाली असेल तर नक्कीच बघा. ऑपरेशन न झालेल्या मादीच्या स्तनांच्या ओळीतली शेंगदाण्याएवढी गाठसुद्धा थांबण्यासारखी नसते. जबड्याखाली दोन्ही बाजूंना, खांद्यापुढे, गुडघ्यामागे एकदमच गाठी लागल्या तर त्या कातडीच्या नाहीत, लसिकाग्रंथी सुजल्यात. ते वेगळं आणि घाईचं प्रकरण. सोसायटीतल्या भटक्या कुत्र्याच्या मागून थेंब थेंब रक्त पडतंय आणि ते ‘माजावर आलंय’ म्हणून सोडून दिलं जातंय, हे तर सर्रास. संभोगातून पसरणारी टीव्हीटी नावाची गाठ असू शकते, आणि आठवड्याला एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगावरच्या औषधाची चार-सहा इंजेक्शनं दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात.

माझा ठोकताळा असा: गाठ एक सेंटिमीटरची झाली किंवा महिनाभर टिकली, तर सुई. चुना लावणं, घोड्याच्या केसाने आवळणं असल्या घरगुती उपायांत महिना जातो, वर कुत्रं तो चुना चाटून तोंड भाजून घेतं.

“डॉक्टर, चरबीचीच असेल ना?” मी विचारलं.

“असेलही. स्लाइडला विचारू या,” त्या म्हणाल्या.

सुईची तपासणी पाच मिनिटांची. भूल लागत नाही. २२ नंबरची सुई गाठीत तीन-चार दिशांनी खुपसतात, सुईत आलेलं सिरिंजच्या हवेने काचेवर उडवून पसरतात आणि हवेत वाळवतात. चरबी असेल तर काच तेलकट राहते, वाळतच नाही. मास्ट सेल जांभळ्या दाण्यांनी भरलेल्या दिसतात. मात्र झटपट रंगात ते दाणे कधी कधी रंगत नाहीत, तेव्हा लॅबला शंका कळवून दुसरा रंग वापरायला सांगावं. नुसतं रक्त आलं तर तो ‘काही नाही’ असा निकाल नव्हे, पुन्हा सुई. दोन चुका हमखास घडतात. एक, काचा आणि फॉर्मलिनची (काढलेला तुकडा टिकवायच्या द्रावणाची) बाटली एकाच पिशवीत. फॉर्मलिनच्या वाफेने काचा खराब होतात. दुसरी, आधीच ‘खाज असेल’ म्हणून दिलेलं स्टेरॉइड. गाठ तात्पुरती आकसते आणि निदान पुढे ढकललं जातं.

निकाल आल्यावर थेट ऑपरेशन नाही. आधी पसरलाय का ते बघायचं: रक्ततपासणी, गुडघ्यामागच्या ग्रंथीत सुई, पोटाची सोनोग्राफी (यकृत आणि प्लीहा बघायला). गाठ हाताळली जाणार म्हणून अँटीहिस्टामिन आणि आम्ल कमी करणारं औषध आधीपासून. घरातली माणसांची वेदनाशामकं अजिबात नकोत. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठराची आणि मूत्रपिंडाची वाट लावतं.

ऑपरेशनच्या दिवशी बहुतेकजण दचकतात ते जखमेच्या लांबीला. हिशोब साधा आहे: दीड सेंटिमीटरची गाठ, चहूबाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर निरोगी कातडी, म्हणजे रुंदी साडेपाच. ती सुरकुती न पडता शिवायची तर छेद होडीच्या आकाराचा, त्यामुळे टाके वीतभर. खाली स्नायूंवरच्या पडद्याचाही एक थर काढतात. ‘छोटासा छेद घ्या’ असा आग्रह धरू नये. कडेला पेशी उरल्या तर दुसरं ऑपरेशन याहून मोठं.

काढलेला तुकडा पूर्ण लॅबला जायला हवा, आणि बरणी मी स्वतः तपासली. तोंड रुंद, कारण फॉर्मलिनमध्ये मांस कडक होतं आणि अरुंद तोंडातून बाहेर येत नाही. दहा टक्क्यांचं फॉर्मलिन तुकड्याच्या दहापट. नाव बरणीवर, झाकणावर नाही. लॅबमध्ये झाकणं बदलतात. कडांना शाई लावलेली असावी, नाहीतर कोणती कड कुठली हे कळत नाही.

अहवालात मी तीन गोष्टी शोधल्या: श्रेणी (गाठ किती आक्रमक ते), पेशीविभाजनाची संख्या आणि कडेपासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये. श्रेणी दोन पद्धतींनी लिहितात, १९८४ ची तीन पायऱ्यांची आणि २०११ ची ‘लो-हाय’ अशी दोनची. आमची जुन्या पद्धतीत दुसरी, नव्यात लो, म्हणजे कमी आक्रमक. नुसतं ‘दुसरी श्रेणी’ वाचून घाबरू नये, नवी ओळही बघावी. ‘कडा मोकळ्या’ एवढंच लिहून आलं तर अंतर विचारून घ्यावं.

टाके चौदाव्या दिवशी निघाले. तोवर गळ्यात प्लास्टिकचा कोन चोवीस तास; ‘जेवणापुरता काढला’ त्या पाच मिनिटांतच टाके चाटून उसवतात. जिने बंद, फक्त पट्ट्याने शू-शीपुरतं बाहेर. पाचव्या दिवशी जखमेखाली पाण्याची मऊ फुगी आली, ती सेरोमा. गरम नव्हती, लाल नव्हती, म्हणून सुई न घालता आपोआप जिरू दिली. पावसाळा असता तर माश्यांची धास्ती वेगळी, जखम ओली राहिली की अळ्या पडतात.

आता दर तीन महिन्यांनी तपासणी, गुडघ्यामागची ग्रंथी मी महिन्याला चाचपतो. छातीवरची चरबीची गाठ वहीत अजून आहे: ४२ मिलिमीटर, काखेत घुसून चालण्यात अडथळा आणेपर्यंत काढायची नाही.